शनीचं तेल आणि हेमालीचा रुमाल

"काळं होतं की नाही?"

"होतं!"

"आता?"

"सोनं! सोनं झालं, बाबा!"

वालीव गावातल्या एका बंद गाळ्यापुढे दर शनिवारी हा जयघोष चाले. रिक्षा, टेम्पो, जुन्या मोटारी अशी रांग थेट रस्त्यापर्यंत. रांगेच्या टोकाला पाटावर बसलेले इंजिनबाबा. अंगात काळी कफनी, गळ्यात स्पार्क प्लगची माळ. माणसांच्या साडेसातीवर उपाय करणारे गल्लोगल्ली होते. मोटारींची साडेसाती उतरवणारा हा एकटाच.

"लोखंड कुणाचं? शनिदेवाचं. तेल कुणाचं? शनिदेवाचं. आणि तुम्ही करंटे, नट उघडून त्याचंच तेल गटारात सोडता? मग गाडी बंद पडणार नाही तर काय? तेल बदलू नका, तेल सिद्ध करून घ्या!"

मग बाबा गाडीतली तेल बघायची पट्टी ओढायचे आणि पांढऱ्या फडक्याला पुसायचे. फडकं काळंकुट्ट. पट्टी पुन्हा आत, अकरा वेळा मंत्र, आणि या खेपेला ती बाहेर यायची शनीच्या काळ्या वस्त्रातून. टोकाला मधासारखं पिवळंधमक तेल. लोक हात जोडायचे, सिद्ध तेलाची बाटली विकत घ्यायचे आणि इंजिनातलं जुनं तेल तसंच ठेवून गाडी घरी न्यायचे.

नंदाखाल गावचे आत्माराम त्यांतलेच. केळीची आणि मोगऱ्याची वाडी, आणि फुलं-पानं दादरला पोचवणारी वीस वर्षांची व्हॅन. या व्हॅनचं तेल त्यांनी सुरुवातीपासून स्वतः बदललं होतं. माडाखाली पोतं अंथरून आडवे व्हायचे, पाना लावायचे, जुनं तेल डब्यात उतरवायचे. असा माणूस बाबाच्या नादी कसा लागला? मुलगा अपघातात अंथरुणाला खिळला, तेव्हा कुणीतरी कानात सांगितलं, "गाडीवर शनी आहे." घाबरलेल्या माणसाला कारण हवं असतं. खरं-खोटं तो नंतर बघतो. पुढे मुलगा काठी टेकत चालू लागला, पण चौदा महिने त्या व्हॅनचं तेल बदललं गेलं नाही.

सून हेमाली वालीवच्याच एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं; ती सीट उचलून तिने एकदा पट्टी पाहिली. तेल डांबरासारखं घट्ट आणि खालच्या खुणेच्याही खाली. इंजिन सुरू केलं की खडखड.

"अण्णा, इंजिन जाम होईल. आजच बदलू या."

"गाडीला हात लावायचा नाही," आत्माराम गरजले. "शनिवारी बाबांनी बोलावलंय. तुझा नवरा उभा राहिला तो कुणामुळे?"

"डॉक्टरांमुळे, अण्णा. आणि मी चार महिने त्याला धरून चालवलं, त्यामुळे."

आत्माराम वाडीकडे चालते झाले. शनिवारी हेमालीही व्हॅनमध्ये जाऊन बसली. मागे तिने नव्या तेलाचा कॅन, फिल्टर आणि पाना ठेवला होता.

गर्दीत गास गावचा रिक्षावाला स्टॅनी उभा होता. त्याच्या रिक्षाचं इंजिन बाबाच्या तेलावर आठच महिन्यांत बसलं होतं. जाब विचारायला आला, तर बाबाच्या शिष्याने त्याला ऐकवलं होतं, "श्रद्धा कमी पडली."

आत्मारामांच्या व्हॅनची पाळी आली. काळं तेल, मंत्र, काळं वस्त्र, सोनं! जयघोष झाला. हेमाली मात्र तेलाकडे बघत नव्हती. ती फडक्यांकडे बघत होती. आधी पांढरं, नंतर काळं. काळ्यावर डाग कुणाला दिसणार?

ती पुढे झाली. "बाबा, आता पट्टी मी ओढते."

शिष्य आडवा आला. "बाईमाणसाने शनीच्या तेलाला शिवायचं नाही!"

"रोज आठ तास मशीनच्या तेलात हात असतात माझे. तेव्हा शनी कुठे असतो? बाजूला हो."

"हेमाली, मागे हो!" आत्माराम ओरडले. "चारचौघांत माझी अब्रू घालवतेस?"

"अब्रू नाही अण्णा, गाडी वाचवतेय. त्या गाडीवर आपलं घर चालतं."

तिने पर्समधून पांढरा रुमाल काढला, पट्टी पुन्हा आत घालून ओढली, पुसली. रुमाल काळाभोर. गर्दी पुढे सरकली.

"विटाळलं!" बाबा कडाडले. "हिच्या स्पर्शाने सिद्धी गेली!"

"मग मी ओढतो," स्टॅनी पुढे आला. पुन्हा काळं.

"हा तर नास्तिक!"

"कोण नास्तिक? दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो मी! पण इंजिनात तेल टाकतो, प्रार्थना नाय टाकत."

लोक हसले. हेमाली सासऱ्यांकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "अण्णा, तुमची तर श्रद्धा आहे ना? तुम्ही ओढा."

आत्माराम थांबले. बाबाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा घेऊन वाकले. पट्टी बाहेर आली. पंच्यावर जाड काळा ओघळ उतरला. बोटांत घेऊन त्यांनी ते तेल चोळलं. कण खरखरत होते. वर्षानुवर्षं तेल बदललेल्या हातांना ती खरखर कळली.

"श्रद्धा कमी..." बाबा पुटपुटले.

"माझी?" आत्मारामांनी काळा झालेला पंचा बाबापुढे धरला. "चौदा महिने गाडीच्या इंजिनाचा जीव घेत राहिलो तुझ्या शब्दावर. अजून किती हवी श्रद्धा?"

तेवढ्यात हेमालीने पाटावरचं काळं वस्त्र उचललं आणि सगळ्यांदेखत पिळलं. टप टप टप, स्वच्छ पिवळं नवं तेल. मग पट्टी इंजिनात बुडवून तिने त्याच वस्त्रातून ओढून दाखवली. काळं पुसलं गेलं, पिवळं लागलं. सोनं!

"बघा, झाले मीही बाबा! इंजिनातलं तेल आहे तसंच आहे. बदलतं ते फक्त पट्टीचं टोक."

हशा पिकला, मग शिव्या. शिष्य शटरकडे पळाला. बाबांना स्टॅनीने हलू दिलं नाही. पोलीस येईपर्यंत रिक्षावाल्यांनी त्यांच्याभोवती कडं केलं, पण कुणी हात उगारला नाही. "मारू नका," हेमालीने बजावलं होतं. "मारलंत तर उद्या हाच हुतात्मा होईल."

आत्मारामांनी कुणाचंतरी पोतं मागून घेतलं आणि गर्दीसमोरच व्हॅनखाली आडवे झाले. नट सुटला. डब्यात डांबर उतरायला लागलं. खालूनच ते म्हणाले, "पोरी, फिल्टर दे." माफी त्यांनी मागितली नाही. तिनेही ती मागायला लावली नाही.

इंजिन वाचलं, पण खडखड पुरती गेली नाही. चौदा महिन्यांची झीज एका दिवसात भरून येत नाही. दादरच्या फेऱ्या मात्र सुरू राहिल्या.

तेल काळं होतं, कारण ते काम करतं. इंजिनातली काजळी आणि धातूचा कीस ते स्वतःत ओढून घेतं; भरलं की बदलायचं. यात कोप नाही की शाप नाही. ज्याला हात आहेत आणि पाना धरता येतो, त्याला हे कळतं. लोकहो, चमत्कार जरूर बघा. डोळे फाडून बघा. फक्त दाखवणाऱ्याला एक विचारा: "आता मी करून बघू?" जो खरा असेल तो बाजूला सरकून जागा देईल. जो विटाळ, नास्तिकता आणि कमी श्रद्धा पुढे करेल, त्याच्यापुढे हात जोडू नका.