बोटांची जाण

खोबरेल तेलाचा एक थेंब कार्मेनच्या पोटावरून उजवीकडे ओघळला आणि चादरीत मुरला. फ्रेडामावशीने तो ओघळताना पाहिला. पण वाटीतलं तेल कोमट होतं की गार, हे तिच्या बोटांना कळलं नव्हतं.

गोराईत आता बाळंतपणं घरी होत नाहीत. नाव बोरिवलीच्या हॉस्पिटलात घातलेलं असतं. तरी कळा सुरू झाल्या की आधी हाक जाते ती जुन्या सुईणीला, फ्रेडामावशीला. ती पोट चाचपते, बाळ कसं आहे ते बघते आणि सांगते, थांबा किंवा निघा. तिच्या शब्दाशिवाय कोणी खाडी ओलांडत नाही.

"शेर्विनची बायको तुला न विचारता गेली ना," कार्मेनचा नवरा जॉनी दारातून म्हणाला, "हॉस्पिटलवाल्यांनी तीनदा परत पाठवली. शेवटी बोटवाला विचारतो, पास काढून देऊ काय?"

"हसवू नको रे मेल्या, दुखतंय!" कार्मेन कळवळली.

फ्रेडा हसली नाही. कार्मेनच्या बरगड्यांखाली काहीतरी घट्ट होतं. डोकं असेल तर ते दोन बोटांमध्ये एकटंच हलतं. कुल्ला असेल तर अख्खं बाळ त्याच्याबरोबर सरकतं. फरक एवढासाच, आणि तो बोटांच्या टोकांनी ओळखायचा. तिने पुन्हा दाबून पाहिलं. जाड हातमोजे घालून चाचपावं तसं वाटलं. साखरेच्या आजाराने वर्षभर बोटं बधिर होत चालली होती. दर वेळी ती ठरवायची, आता सांगून टाकायचं. मग कोणीतरी दारात येऊन उभं राहायचं आणि ती तेलाची वाटी उचलायची. बायांचे चेहरे बघून तिने आजवर निभावलं होतं.

डोकं वर असलं तर? पाय आधी आले, नाळ अडकली, आणि बोट खाडीच्या मधोमध असली तर?

पुन्हा कळ आली. कार्मेनने तिची बोटं आवळून धरली. नखं रुतलेली फ्रेडाला फक्त दिसली.

"मावशी, डोकं खाली आहे ना गं?"

"मावशीचा हात आहे पोटावर, घाबरते काय!" जॉनी म्हणाला. "घाई नाय ना मावशी? ही बोट जाऊ दे. जेवून निघतो आम्ही."

'वेळ आहे अजून.' सवयीचे शब्द तिच्या ओठांवर आले होते. कार्मेन तिच्या तोंडाकडे बघत होती.

फ्रेडाने दोन्ही हात काढून घेतले.

"जॉनी, पळ, बोट थांबव. मला डोकं सापडत नाय. वर्ष झालं, माझ्या बोटांना काय कळत नाय. हिला आत्ताच्या आत्ता ने. आणि गावात सांग, फ्रेडा यापुढे कोणाच्या पोटाला हात लावणार नाय."