गाऱ्हाण्यापुरता लोहचुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे. मित्रांनो, जुना म्हणजे तसा दोन-तीनच वर्षांचा, पण ज्याचे खरे काम सुटले त्याला कुणी नवा म्हणत नाही. सध्या मी कट्टा गावाजवळच्या एका घरात, शिलाई मशीनच्या खणात पडून असतो. सुगंधा ब्लाउज शिवायला बसते, तिच्या सुया जमिनीवर सांडतात, मग ती मला बाहेर काढते. मी सुया गोळा करून दिल्या की ती मला परत खणात टाकते. माझ्याकडे ती बघत नाही. तिच्या जागी मी असतो तर मला केव्हाच विहिरीत फेकून दिले असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला घडवले, वर काळे प्लास्टिक चढवले आणि मनगटाला बांधायचा पट्टा लावला. धरायचे आणि सोडायचे नाही, एवढेच मला येत होते आणि त्याचा मला भारी ताठा होता. ज्या खोक्यात मला ठेवले त्यातच माझा सोबती होता, बिस्किटाएवढे एक चपटे यंत्र. आम्ही दोघे मुंबईच्या एका इस्पितळात पोचलो. तिथे त्या यंत्राला एका माणसाच्या छातीत, डाव्या बाजूला, कातडीखाली बसवले. मला त्याच्या बायकोच्या हातात दिले.

तो माणूस म्हणजे मंगेश. सुगंधा त्याची बायको. मंगेशचे कट्ट्याच्या बाजारात खतांचे आणि बियाण्यांचे दुकान होते. तीन वर्षे ते बंद होते, कारण तीन वर्षे तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला उदासपणाचा आजार होता. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या, काही उपयोग होईना. ताप नाही, कुठे सूज नाही, मग आजार कसला, असे गावातली माणसे त्याच्या खाटेशी बसून, त्याच्याच घरचा चहा पीत बोलत. मंगेशला ते सगळे ऐकू येत असे.

डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. मानेतून एक नस वर मेंदूकडे जाते. यंत्राची तार त्या नसेला जोडलेली. दर पाच मिनिटांनी यंत्र अर्धा मिनिट त्या नसेला विजेचा बारीकसा धक्का देणार. फरक पडायला महिने लागतात, काहींना पडतही नाही. आणि त्या अर्ध्या मिनिटात आवाज घोगरा होतो. कधी फारच नड असेल तर हा चुंबक छातीवर, यंत्राच्या वर धरायचा. तो तिथे आहे तोवर यंत्र थांबते, उचलला की पुन्हा सुरू होते. नडीपुरताच धरायचा, असे डॉक्टर दोनदा म्हणाले.

यंत्र आपले इमानाने चालत राहिले. आठव्या महिन्यात एका दुपारी मंगेशने जेवताना विचारले, "पिठयेत आज सोला घालूक नाय काय गो?" सुगंधाने हातातली डाव तशीच खाली ठेवली. कुळथाच्या पिठीत कोकमाची सोले पडली नाहीत हे त्याच्या जिभेला कळले होते; तीन वर्षांत त्याने अन्नाला चव आहे की नाही हे विचारले नव्हते. ती मागच्या दारी गेली आणि पदराने तोंड दाबून रडली. पुढच्या महिन्यात मंगेशने दुकान उघडले. त्याचा आवाज मधेच घोगरा होई, गिऱ्हाईक हसे, तोही हसे. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होतो आणि मला कुणी विचारत नव्हते म्हणून जळत होतो.

आता या घराचा मान सांगायला हवा. गावच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणे घालायचा मान मंगेशच्या घराण्याचा. सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने बोलायचे, जे चुकले त्याची क्षमा मागायची, ज्याचे जे दुखते ते बरे कर म्हणायचे आणि प्रत्येक मागण्यावर गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. मंगेशचा थोरला भाऊ भाई. मान खरे तर त्याचा, पण भाईची जीभ लहानपणापासून अडखळते. म्हणून वडिलांनी तो मंगेशला दिला. मंगेश आजारी होता ती तीन वर्षे खालच्या वाडीतल्या बाबूने गाऱ्हाणे घातले. ते भाईच्या उरात सलत होते.

जत्रा आठ दिवसांवर आली तेव्हा मंगेशने अंगणात म्हणून बघितले. दोन ठिकाणी आवाज बसला. भाईचा चेहरा पडला.

"देवासमोर आवाज बसलो तर देवान आयकूक नाय असाच म्हणतले," भाई म्हणाला. "बाबू टपानच आसा." मग त्याची नजर खिळ्यावर गेली.

जत्रेच्या दिवशी उपरण्याखाली, मंगेशच्या छातीवर, चिकटपट्टीने मला लावले. माझ्याखाली यंत्र गप्प झाले. मंगेशने तोंड उघडले. असा खणखणीत आवाज गावाने वडिलांच्या काळानंतर ऐकला नव्हता. माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणत होती आणि मित्रांनो, मला वाटत होते की ती मलाच म्हणताहेत.

घरी आल्यावर मला काढायला हवे होते. पण दुसऱ्या दिवशी एकाच्या नव्या घराचे गाऱ्हाणे होते, तिसऱ्या दिवशी एकाच्या होडीचे. सगळ्यांना मंगेशच हवा होता.

"काढूक नको नि लावूक नको," भाई म्हणाला. "रवांदे तो थयच."

"भाई, डॉक्टरांनी बोलण्यापुरतोच लावूक सांगल्यानी हा," सुगंधा म्हणाली.

"तुझो घोव चार माणसांत उभो रवलो, ता तुका बघवत नाय काय?"

तिने मंगेशकडे बघितले. तो म्हणाला, "माका आता बरा वाटता. कित्याक घाबरतस?" त्याला आपलाच आवाज ऐकून इतका आनंद झाला होता. बरे त्याला यंत्रामुळे वाटत होते आणि ते यंत्र माझ्याखाली मुके पडले होते. हे मला ठाऊक होते. मला बोलता येत नाही हे खरे, पण बोलता आले असते तरी मी बोललो नसतो. खिळ्यावर परत जायची माझी इच्छा नव्हती.

पट्टी मळली की भाई स्वतः नवी आणून लावी. मुंबईला दाखवायला जायची तारीख आली तेव्हा तो म्हणाला की माणूस ठणठणीत आहे, जायचे कशाला. पौषात मंगेशची झोप गेली. माघात त्याने दुकान दुपारचे बंद ठेवायला सुरुवात केली. सुगंधा ताटात काय वाढते याकडे त्याचे लक्ष राहिले नाही. आवाज मात्र स्वच्छ होता आणि गावाला आवाजाशीच काम होते.

शिमगा आला. देवळासमोर गाव जमले. मंगेश उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत. जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जेच्या घरात जो कोण दुखण्यात पडलो आसात, तेका..."

तो तिथेच थांबला. माणसे तोंड अर्धे उघडून वाट बघत राहिली. मंगेश समोर बघत होता, पण देवाकडे नाही, कुणाकडेच नाही. मला त्याच्या छातीचे ठोके लागत होते, संथ, कसलीही घाई नसलेले. भाईला वाटले, मी सरकलो असेन आणि यंत्राने आवाज धरला असेल. तो पुढे झाला, त्याने उपरण्यात हात घातला आणि अंगठ्याने मला मंगेशच्या छातीवर दाबून धरले. इतके जोरात की मंगेश अर्धे पाऊल मागे गेला. जे करायचे नव्हते तेच तो भावाच्या मायेने आणखी जोर लावून करत होता.

"तेका बरो कर रे म्हाराजा," खालच्या वाडीच्या माणसांतून बाबूचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले, आणि उरलेले गाऱ्हाणे बाबूने संपवले.

मंगेशला हाताला धरून घरी आणले. सुगंधाने त्याला खाटेवर बसवले आणि मला उपटून काढले. तीन महिने पट्टीखाली असलेली कातडी माझ्याबरोबर निघाली. मंगेश भिंतीकडे वळून आडवा झाला.

यंत्र त्याच क्षणी चालू झाले. त्याने कधी रुसवा धरला नाही, तो स्वभाव माझा. सुगंधाने मंगेशला मुंबईला नेले. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की आता पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची, आणि मागच्या वेळेसारखेच होईल असे सांगता येणार नाही. त्याला सात महिने झाले. मंगेश भिंतीकडे तोंड करून पडून आहे. सुगंधा त्याच्या उशाशी बसून काहीबाही विचारते, पिठीत सोले घालू का विचारते. एकदा तरी त्याचा तो घोगरा, बसका आवाज यावा म्हणून ती कान लावून असते. तो बोलतच नाही.

परवा सकाळी भाई आला. सुगंधा मशीनवर होती आणि खण उघडा होता, म्हणून मला अंगण दिसत होते. भाई तुळशीसमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. जन्मात चार माणसांपुढे न बोललेला तो माणूस गाऱ्हाणे घालू लागला.

"बा... बा देवा म्हाराजा. माझ्या हा... हातून चुकला. माझ्या भा... भावाक उठय रे म्हाराजा."

बोलून तो थांबला. गाऱ्हाण्याला कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावे लागते, त्याशिवाय ते पुरे होत नाही. अंगणात दुसरे कुणी नव्हते. घरात सुगंधा होती. तिने ऐकले, मशीनचे चाक हाताने थांबवले, ओठ घट्ट मिटून घेतले आणि तशीच बसून राहिली. भाई बराच वेळ उभा होता.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज चिरका निघत असेल, हात कापत असेल, औषधाने कुणी बेढब दिसत असेल, तर लोकांपुढे नीट दिसावे म्हणून त्याचे औषध थांबवू नका. त्याला घोगरे बोलू द्या आणि तुम्ही ऐका. मला व्हय म्हाराजा म्हणायचे होते. मी चुंबक आहे, मला ते जमले नाही. भाई चपला घालून निघून गेला, सुगंधाने चाक फिरवले आणि एक सुई जमिनीवर पडली.