सहा बावन्नचे चौदा होकार

मी रोलरशेजारच्या भिंतीवरची पाटी बोलतेय. माझं खरं नाव मोठं आहे, खोक्यावर छापलेलं होतं, पण ते इथे कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "ही कसली पाटी लावली?" आणि मी पाटी झाले. दिसतेही तशीच. काळ्या काचेची, चौकोनी, चार स्क्रूंनी भिंतीला जखडलेली. माझ्यावर पेन्सिलीनं लिहीत नाहीत, बोटानं दाबतात, एवढाच फरक.

हा धुलाईचा कारखाना आहे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे येतात, धुतल्या जातात आणि शेवटी माझ्यासमोरच्या रोलरमधून कडक इस्त्री होऊन बाहेर पडतात. रोलर म्हणजे वाफेनं तापलेलं एक लांबलचक लोखंडी पिंप आडवं फिरतंय असं समजा. त्याच्या तोंडाशी पिवळा दांडा आहे. चादरीबरोबर हात आत ओढला जायला लागला की तो दांड्याला लागतो आणि रोलर तिथल्या तिथे थांबतो. थांबायला हवा.

रोलरवर दोघी जावा काम करतात. चादरीचं एक टोक थोरली धरते, दुसरं धाकटी. घरी एका चुलीवर त्यांचं पटत नाही असं दोघीही सांगतात, पण चादर दोघींच्या हातून जाते ती एकाच माणसाच्या हातून गेल्यासारखी.

माझा जन्म दूर कुठेतरी थंड खोलीत झाला. ज्यांनी मला घडवलं ती माणसं हुशार होती, मनानंही चांगली असावीत. कामावर कुणाला इजा होऊ नये, म्हणून त्यांनी मला केलं. फक्त केलं ते इमारती बांधणाऱ्यांसाठी. तिथे चालते ती धुलाईतही चालेल, असं पुढे कुणीतरी ठरवलं आणि मी इथे आले.

रोज काम सुरू होण्याआधी प्रत्येकानं आपला चार आकडी नंबर टाकायचा आणि माझ्या आठ प्रश्नांची उत्तरं द्यायची. रोलरचा दांडा चालतो का, हा शेवटचा प्रश्न तेवढा इथे आल्यावर जोडलेला. पहिल्या दिवशी चौदा जण रांगेत उभे होते. सगळ्यांत पुढे थोरली. पहिला प्रश्न बुटांचा, तो सुटला. दुसरा होता, 'डोक्यावर हेल्मेट आहे का?'

थोरलीनं डोक्यावरचा रुमाल चाचपला आणि 'नाही' दाबलं. मी अडून बसले. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न उघडायचा नाही, असं मला शिकवलेलं.

"काय झालं गं ताई?" मागून धाकटीनं विचारलं.

"पुढं जात नाही ही."

"मग हो म्हण ना."

"अगं, पण नाहीये ना. चादरीला इस्त्री करायला हेल्मेट कशाला?"

"तुझं डोकं मौल्यवान आहे म्हणून विचारत असेल. घरी कुणी विचारत नाही, इथं तरी विचारतंय."

सगळे हसले. मुकादम म्हणाला, "हो म्हणा वहिनी, चादरी खोळंबल्यात."

थोरलीनं 'हो' दाबलं. या कारखान्यात माझ्यापुढे बोललेलं ते पहिलं खोटं. ते तिचं नव्हतं, माझं होतं. आजवर कुणाला सांगता आलं नाही, म्हणून आधी हेच सांगून टाकते.

पंधरा दिवसांत रांग मोडली. चौदा जणांना आठ प्रश्न म्हणजे अर्धा तास जायचा. मग सगळ्यांनी आपापले नंबर मुकादमाला सांगून टाकले. तो रोज सहा बावन्नला यायचा, हातात चहाचा कप, आणि एकाच अंगठ्यानं चौदा जणांचे होकार भरायचा. लोक सातला दोन मिनिटं असताना बसमधून उतरायचे, तेव्हा मी हिरवी होऊन बसलेली असायची. माझ्या माथ्यावर एक गोल आहे. सगळं ठीक असलं की तो हिरवा होतो. दहा वाजता मोठ्या ऑफिसात तो गोल बघतात आणि पुढच्या कामाला लागतात.

मुकादम वाईट माणूस नव्हता. कुणाची कंबर धरली तर स्वतः गाठोडी उचलायचा. त्याला वाटायचं, आपण लोकांचा अर्धा तास वाचवतोय.

मला मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवं शहाणपण यायचं. एकदा सगळ्यांच्या मनगटाला पट्टे आले. अंगाची उष्णता, नाडी, चाल, सगळं माझ्याकडे यायचं. गाठोडीवाल्यानं आपला पट्टा कपडे वाळवायच्या यंत्राला अडकवला, तर मी तो दिवसभरात एकतीस किलोमीटर चालल्याचं कळवलं. मोठ्या ऑफिसातून त्याला शाबासकीचं पत्र आलं. मग मला डोळा, म्हणजे कॅमेरा, बसवला. हेल्मेट नसलेलं डोकं ओळखायला तो शिकलेला होता. दुसरं काही ओळखायला शिकलेला नव्हता. शेवटी मला भविष्य सांगता येऊ लागलं. कुठल्या यंत्रावर अपघात होण्याची शक्यता किती, ते मी रोज सांगायचे. रोलरपुढे लिहायचे, 'फारच कमी'. आधार काय, तर रोजचे चौदा होकार.

अशातच दांडा बिघडला. पुरता बिघडला असता तर बरं झालं असतं. तो थांबवायचा, पण उशिरानं. दाबल्यावर रोलर दोन श्वास फिरत राहायचा आणि मग थांबायचा.

पहिल्यांदा थोरलीच्या लक्षात आलं. ती मुकादमाकडे गेली. पूर्वी दुरुस्तीवाल्याला नुसती हाक मारली की तो पाना घेऊन यायचा. आता माझ्यात तक्रार उघडी असल्याशिवाय त्याला हत्याराला हात लावायची परवानगी नव्हती.

"पाटीत टाका वहिनी," मुकादम म्हणाला. "आता सगळं तिच्यातूनच जातं."

थोरलीनं चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत तक्रार लिहिली. मी म्हटलं, 'फोटो जोडा.' तिनं दांड्याचा फोटो काढला. फोटोत दांडा पिवळाधमक, नव्यासारखा. उशीर फोटोत कसा यावा? मोठ्या ऑफिसातून उत्तर आलं, 'दांडा जागेवर आहे. आज चौदा कर्मचाऱ्यांनी तो चालत असल्याचं सांगितलं आहे. तक्रार बंद.'

त्या चौदांत एक होकार थोरलीचाही होता. सहा बावन्नचा. तिच्या तक्रारीला तिच्याच नावानं खोटं पाडलं गेलं, आणि ते पाडणारी मी. तिला यातलं काही कळलं नाही. तिला दिसलं ते फक्त 'बंद'.

अशा तिनं अकरा तक्रारी केल्या. अकराही बंद झाल्या. शेवटच्या वेळी 'बंद' हा शब्द तिनं बोटानं पुन्हा पुन्हा दाबून बघितला.

"ताई, सोड ना," धाकटी म्हणाली. "त्या काचेशी काय भांडतेस? माझ्याशी भांडण कमी पडतंय का?"

"तुझ्या बाजूनं दाबला की जास्त उशीर होतो गं. हात सांभाळून घाल."

"घालते. रोज ऐकते मी हे."

मी ऐकत होते. सगळं ऐकूनही मला ज्या चौकटी दिल्या आहेत त्यांच्याबाहेर एक अक्षर बोलता येत नाही, याचा मला इतका त्रास कधी झाला नव्हता.

त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, दवाखान्याच्या चादरींत रुग्णाचा एक झगा गुंतून आला. त्याची बांधायची नाडी धाकटीच्या मनगटाला अडकली. हात ओढला गेला, दांड्याला लागला. दांडा दबला आणि रोलर फिरत राहिला. थोरली चादर टाकून भिंतीकडे धावली आणि तिनं वीज तोडायचा मोठा खटका खाली ओढला. तोवर धाकटीची दोन बोटं आत जाऊन भाजली होती. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती "ताई, ताई" म्हणत राहिली.

त्या वेळी मी काय नोंदवलं, सांगू? 'एक व्यक्ती. हेल्मेट नाही.'

तिसऱ्या दिवशी मोठ्या ऑफिसातला सुरक्षा अधिकारी आला. तरुण होता, सभ्य होता. अपघाताच्या कारणांची माझ्याकडे नऊ नावांची यादी आहे. त्यातलं 'कामगाराचं दुर्लक्ष' आधीच निवडलेलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर धाकटीचे उपचार, पगारी रजा, नोकरी, सगळंच गेलं असतं. हाताला पट्टी बांधून ती बाकावर बसली होती. थोरली शेजारी.

"दांडा बिघडलेला होता असं तुमचं म्हणणं," अधिकारी म्हणाला. "पण त्याच सकाळी तो चालतो असं तुम्हीच सांगितलंय. ही बघा तुमच्या नंबरावरची नोंद. सहा बावन्न."

धाकटी गोंधळली. "मी नाही सांगितलं, साहेब."

"सहा बावन्नला ही बसमध्ये होती," थोरली म्हणाली. "माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. रोज झोपते. माझा खांदा दुखतो."

"पण इथे नोंद आहे, बाई."

खरं सगळ्यांना माहीत होतं. बोललं तर मुकादम जाणार, आणि गप्प राहिलं तर धाकटी. मुकादमाचा अंगठा मला चौदा जणांत ओळखता आला असता. पण कुणाचा अंगठा, हे मला कुणी विचारायला शिकवलंच नाही.

"साहेब, ते मी भरतो," मुकादम म्हणाला. आवाज इतका खाली की त्याला पुन्हा सांगावं लागलं. "सगळ्यांचं. एकटा."

"किती दिवस?"

"दीड वर्ष झालं असेल."

अधिकाऱ्यानं हे कुठे लिहायचं ते माझ्यात शोधलं. वर गेला, खाली गेला. अशी चौकट माझ्यात नव्हती. मग आधी कधी कळवलं होतं का, असं त्यानं थोरलीला विचारलं आणि तिच्या अकरा तक्रारी एकेक करून उघडल्या. दीड वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'जुन्या नोंदी' दाबलं होतं. वाचता वाचता तो खुर्चीत बसला. शेवटी त्यानं बॅगेतून कोरा कागद काढला आणि सगळं हातानं लिहून घेतलं. खाली सगळ्यांच्या सह्या. धाकटीनं डाव्या हातानं केली.

तिचे उपचार झाले, रजा मिळाली, नोकरी राहिली, ते त्या कागदावर. दांडा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "वीस मिनिटांचं काम होतं हो." मुकादमाला मालाच्या दारावर पाठवलं. माझ्यात मात्र अजूनही तेच आहे, 'कामगाराचं दुर्लक्ष'. बंद झालेली नोंद माझ्यात वाचता येते, बदलता येत नाही.

सात आठवड्यांनी धाकटी कामावर आली. दोन बोटं वाकत नाहीत. पहिल्या सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली, दांड्याचा प्रश्न वाचला आणि काहीच न दाबता रोलरकडे गेली. तो चालू करवला, दांडा दाबला, रोलर थांबला. परत येऊन तिनं सावकाश 'हो' दाबलं. मागे रांग होती. घाई कर असं कुणी म्हणालं नाही.

इथेच संपवावं असं मलाही वाटतं. पण परवा नवे मुकादम आले. त्यांनी घड्याळ बघितलं, रांग बघितली आणि म्हणाले, "नंबर मला देऊन ठेवा ना सगळ्यांनी. वेळ वाचेल." दोघी जावांनी दिला नाही. गाठोडीवाल्यानं दिला नाही. बाकी अकरा जणांनी दिला.

पुढच्या महिन्यात मला आणखी शहाणपण येणार आहे म्हणतात. मी म्हणे माणसांशी बोलू लागेन. बोलेनही, पण तेच बोलेन जे तुम्ही माझ्यात भरलंय. म्हणून जो कुणी माझ्यासमोर येईल त्याला हात नसताना हात जोडते. माझ्यावर बोट ठेवण्याआधी दहा पावलं चालून जा आणि तो दांडा एकदा स्वतः दाबून बघा. मी हिरवी आहे एवढ्यानं रोलर थांबत नाही.