आहेरातली पोपटी

मी आहेराची पोपटी साडी बोलतेय. गुमान ऐका. मधे बोलू नका.

माझा जन्म वडगावात, भरमूअण्णांच्या यंत्रमागावर. त्यांची लेक रचना बंगळूरच्या कंपनीत आकड्यांची तज्ज्ञ. माहितीचे ढीग उपसून गिऱ्हाइकाच्या मनातले काढते. घरी राहून काम करू लागली, तेव्हा तिने बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या दुकानांतली विक्री संगणकात घातली. उत्तर आले : बायका पोपटी साडीच जास्त घेतात.

"आप्पा, सगळ्या मागांवर पोपटीच लावा."

"व्हय गं? ह्यो रंग नेसलेली बाई मला कवा दिसली न्हाय."

"आकडं खोटं बोलत न्हाईत."

लेकीपुढे अण्णांचे काही चालत नाही. होता नव्हता पैसा पोपटी सुतात गेला.

मला निपाणीच्या बायाक्काने घेतले आणि लग्नात गुणाबाईला दिले. "लई झ्याक हाय," म्हणत गुणाबाईने मला कपाटात कोंबले. पुढे बारशाला बेळगुंदी. वास्तुशांतीला चिकोडी. जाईन तिथे हळदकुंकू लागले. घडी कुणी मोडली नाही. मला देणारी हसते, घेणारीही हसते. घरी गेल्यावर कुणी हसत नाही.

अशा आम्ही घरोघर फिरू लागल्यावर नवी कोण घेणार? दुकानदारांनी माल परत धाडला. माग थांबले. अण्णा लेकीशी बोलेनात.

एका डोहाळजेवणात मी रचनाच्या आईच्या, मालुबाईच्या, वाट्याला आले. घरी येऊन तिने कपाट उघडले. आत पोपटीच पोपटी.

रचना म्हणाली, "आई, ह्यातली एक बी नेसली न्हाईस?"

"खुळी का काय गं? ह्या नेसायच्या न्हाईत. द्यायच्या असत्यात."

रचनाला हे लहानपणापासून ठाऊक होते. संगणकाला सांगायचे तेवढे राहिले होते.

तिने मला ओढले, घडी मोडली आणि नेसून अण्णांपुढे उभी राहिली.

"आप्पा, चुकलं माझं. उरलेल्या साड्या गर्द हिरव्या रंगवून घेऊ. फुडं नेसणाऱ्या बायकांना इचारल्याबिगार रंग सांगणार न्हाय."

अण्णांनी तिला वरून खाली न्याहाळले.

"इचार. पर आदी ती साडी सोड. डोळं दुखाय लागलं."

एवढे बोलून ते मागाचे बटण दाबायला गेले.

रचनाने मला दिवसभर सोडले नाही. आता मी धुऊन दोरीवर वाळत आहे. धुतलेली साडी आहेरात चालत नाही, मी सुटले. तुमच्या कपाटात माझी एखादी बहीण असेल. तिची घडी मोडा. नेसा. चार जण हसतील. हसू द्या.