मी तुटलो, नाव पाकिटाचं झालं

मी एक तारेचा तुकडा बोलतोय. तांदळाच्या दाण्याएवढा लांब, आणि मधे कंबरेत केसासारखा बारीक. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पुढेही पाहणार नाही. चिपच्या काळ्या कवचात मी कायमचा बंद आहे. आता तर मी एकसंधही नाही. दोन टोकं उरली आहेत आणि मधे मोकळी जागा. तरी बोलतो. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगतो. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. जन्मापासून दुखतंय.

माझा जन्म काओशुंग शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे चिपांना कवच घालतात. कवचाच्या मधोमध नखाएवढा एक चकचकीत चौकोन बसवलेला होता. सगळा विचार तोच करायचा, म्हणून आम्ही तारा त्याला साहेब म्हणायचो. साहेबाला धूळ लागू नये म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून यायची. त्याच्याभोवती सोन्याच्या तारा होत्या. त्या निरोप आणायच्या, निरोप न्यायच्या. मी तांब्याचा होतो आणि मला निरोपबिरोप काही नव्हता.

पी-युन नावाची एक बाई सूक्ष्मदर्शकातून आम्हाला तपासायची. शेजारी नवीन आलेली मुलगी होती. तिनं विचारलं, "पी-युन ताई, ही एकच तार मधे एवढी बारीक का? चुकलीय का?"

"चुकली नाही ग. मुद्दाम केलीय. जास्त प्रवाह आला की ती वितळून तुटायची, म्हणजे पुढचं सगळं वाचतं."

"आणि नाहीच आला तर?"

"मग काय, बसून राहील जन्मभर."

"आमच्या थोरल्या दिरासारखी," ती मुलगी म्हणाली, आणि दोघी खांदे हलवून हसल्या.

मला ते लागलं. पण खरा घाव पुढे होता. त्या यंत्राच्या डोक्यावर खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असायचं. मक्याचा फुलवलेला खाऊ, नारळाच्या वासाचा. त्याच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. आमच्याकडे प्रत्येक यंत्राजवळ ते ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकीट हिरवंच हवं. पिवळं किंवा लाल ठेवलं तर यंत्र रुसतं. ते फोडायचं नाही आणि त्याची तारीख उलटू द्यायची नाही.

त्या सकाळी यंत्र अडून बसलं. पी-युननं गुपचूप त्याची सुई साफ केली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, पाकिटाची तारीख कालच संपलीय!" धावत जाऊन नवीन आणलं. यंत्र चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या पाकिटाला. पी-युननंसुद्धा.

मी मनात म्हटलं, हे मक्याचे दाणे माझं काम करतात काय? मग माझ्यावर काळं कवच ओतलं गेलं आणि अंधार झाला.

पुढे मी छीगूला आलो, समुद्राकाठी, सबाही माशांच्या तळ्यांवर. चिन-तिंग आणि यू-ये या नवरा-बायकोचं ते तळं. दोघंही साठी ओलांडलेली. त्यांच्याकडे पिल्लांसाठी एक लहान तळं वेगळं होतं. त्यात पाणी उडवणारं एक चक्र होतं, उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्यांवर आणि बॅटरीवर चालणारं. पाणी उडालं की त्यात हवा मिसळते, मग पिल्लं जगतात. ते चक्र चालवणारी पेटी बांधावरच्या खांबाला लावलेली होती. मी त्या पेटीत होतो.

मला डोळे नाहीत. पण माझ्यातून प्रवाह जायचा आणि त्यातून मला सगळं कळायचं. चक्राला शेवाळ अडकलं तर कळायचं, पाऊस पडला तर कळायचं. सकाळी यू-ये बटन दाबायची, तिची दाबायची पद्धत वेगळी होती. चिन-तिंग बटन ठोकायचा. ती आधी बोट टेकवायची, थोडी थांबायची, मग दाबायची. आणि पिल्लांशी बोलायची.

"उठा रे बाळांनो. आळशी कुठले, त्या म्हाताऱ्या माकडावर गेलात."

"ऐकू येतंय मला," चिन-तिंग बांधावरून म्हणायचा.

"ऐकायलाच बोलतेय."

ती पिल्लांशी बोलायची, नवऱ्याशी बोलायची, बगळ्यांना शिव्या द्यायची. पेटीचं दार उघडलं की म्हणायची, "पाकीटराव, लक्ष ठेवा हं." हो, इथेही पाकीट होतंच. हिरवं, करकरीत, मुख्य खटक्याच्या मुठीलाच टांगलेलं. पिल्लं मोठी होऊन तळ्याबाहेर जाईपर्यंत ते हलवायचं नाही, असा दोघांचा नेम होता. त्यामुळे तो खटका कुणी वापरायचंच नाही. चालू-बंद सगळं बटनावर. आणि बटन म्हणजे साहेबाला फक्त एक निरोप. बंद करणार की नाही, ते साहेबाच्या हाती.

पेटीत माझा एक भाऊबंदही होता, काचेच्या नळीतला फ्यूज. त्याला सगळे पाहू शकायचे, तुटला तर नवा आणायचे. त्याच्यावरही मी जळायचो. वसंतात तो तुटला. चिन-तिंगनं नवा आणायचा कंटाळा केला आणि त्याच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळून टाकली. मला गंमत वाटली. बरं झालं, म्हटलं, मोडली एकदाची मिजास. आता शेवटचा पहारा माझ्यावर आलाय, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. मत्सरानं माणूस आंधळा होतो म्हणतात. तारही होते.

आषाढासारखे दिवस होते. दुपारी ढग भरून आले, पण वारा पडला. अशा वेळी पाण्यातली हवा संपते. पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. नेमकं तेव्हाच बगळे रोखायला लावलेलं जाळं सुटलं आणि चक्राच्या पात्यांत गुरफटलं. चक्र अडलं. मोटार ओढ घेऊ लागली.

प्रवाह माझ्यातून धो धो जाऊ लागला. साहेबानं तो तोडायला हवा होता. पण तोच इतका तापला की त्याच्या आतला दरवाजा उघडा होता तसाच चिकटून बसला.

यू-ये धावत आली. "चक्र अडलंय! म्हाताऱ्या, विळा आण!"

"आधी बंद कर!" चिन-तिंग लांबून ओरडला.

"मुख्य खटका ओढू का?"

"नको नको, पाकीट हलेल! बटन दाब!"

तिनं बटन दाबलं. पेटीवरचा लाल दिवा विझला. दिवा विझला म्हणजे बंद झालं, असंच कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं. पण आतून काहीच बंद झालं नव्हतं. विळा घेऊन ती कंबरभर पाण्यात उतरली आणि पात्यांमध्ये हात घालून जाळं कापू लागली.

ती एकेक दोरा कापायची, तसं चक्र हिसका द्यायचं. तो हिसका माझ्यापर्यंत यायचा. शेवटचा दोरा तुटला की चक्र सगळ्या जोरानं फिरणार होतं, तिच्या बोटांसकट.

आता खरं सांगतो, लपवत नाही. त्या वेळीसुद्धा माझ्या मनात वाईट आलं. वाटलं, आपण का तुटायचं? साहेब चुकला, जळू दे साहेबाला. ज्याला 'लक्ष ठेवा' सांगितलं होतं, त्या पाकीटरावानं बघावं. पेटी पेटली की तेही पेटेल. मग कळेल सगळ्यांना, त्यात नुसता मका होता.

मी कंबरेत लाल झालो होतो. तेवढ्यात तिचा आवाज आला, पिल्लांशी बोलणारा. "घाबरू नका रे. आलेच मी. एवढा एक धागा राहिलाय."

मी ठरवून तुटलो की नुसताच वितळलो, हे मला आजही सांगता येत नाही. तांब्याला ठरवता येतं का, ते तुमच्यासारख्यांना माहीत. मी सुटलो एवढं खरं. सगळीकडे एकदम शांत झालं.

धागा तुटला. चक्र तिच्या हाताबरोबर अर्धा वेढा फिरलं आणि थांबलं. ढिलं, निर्जीव.

मग दोघांची धावपळ झाली. चिन-तिंगनं शेजारच्या तळ्यावरून पंप आणला, ती बांबूनं पाणी झोडत राहिली. थोडी पिल्लं गेली, बरीचशी वाचली. दमून दोघं पेटीपाशी आली. यू-येनं ओले हात कपड्याला पुसले आणि ते जोडून पाकिटासमोर वाकली. "पाकीटराव, चक्र फिरलं तरी माझा हात राहिला, तुमच्यामुळे हो."

चिन-तिंग म्हणाला, "म्हणून तर म्हटलं, हलवू नको."

मी तुटलेला होतो, तरी माझा एवढा जळफळाट कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आ-कुओ आला. चाळिशीचा, गावातली सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करणारा. त्यानं पेटी उघडली, तारा लावून मोजलं, पुन्हा मोजलं. मग यू-येकडे वळला.

"काकू, बटन दाबल्यावर लगेच पाण्यात उतरलात?"

"मग काय, मुहूर्त काढायचा होता?"

"बटनानं बंद झालंच नव्हतं. चिप आतून चिकटलीय. चालूच होतं सगळं."

"दिवा विझला होता रे!"

"दिवा विझला, मोटार नाही." त्यानं जाड तार ओढून काढली. "आणि हे कुणी केलं? काका, हे तुमचंच काम."

चिन-तिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"मग माझा हात कसा राहिला?" यू-येनं हळूच विचारलं.

"या काळ्या कवचाच्या आत एक तार असते. केसाएवढी. सगळं फसलं की ती तुटते. ती तुटली."

त्यानं चिप काढून दिली, तिनं मला तळहातावर घेतलं. म्हणजे कवच घेतलं. "दिसत का नाही?"

"दिसायची नाही. कवच फोडलं तर तीही चुरडून जाईल."

"परत जोडता येते?"

"नाही काकू. तिचं काम एकदाच."

आ-कुओनं जुनी पेटी उतरवून नवी बसवली. तिकडे चिन-तिंग नव्या पेटीच्या खटक्याला नवीन पाकीट टांगायला लागला. तिनं त्याच्या हातावर चापटी मारली.

"तिथे नाही! तिथे माझा हात पोचायला हवा. दाराच्या आतल्या बाजूला लाव, म्हाताऱ्या माकडा."

"लावतो, लावतो. मारतेस कशाला?"

"काल माझी बोटं गेली असती म्हणजे मारलं नसतं."

जुनी चिप आ-कुओ घेऊन जाणार होता. तिनं दिली नाही. झोपडीच्या खिडकीत तिचा एक पत्र्याचा डबा आहे, जाळी शिवायच्या सुया ठेवायचा. त्यात आता मी असतो. सुया टोचतात, पण बऱ्या आहेत.

इथून मला चक्राचा आवाज येतो. नव्या पेटीत माझ्यासारखाच एक तुकडा आहे, बारीक कंबरेचा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्याला कुणी हात जोडत नाही. पण दिवसभर त्याच्यातून प्रवाह वाहतो. सकाळी ती बोट टेकवते, थोडी थांबते, मग दाबते, आणि ते त्याला कळतं. मला आता कळत नाही. आयुष्यभर मी कौतुक होणाऱ्यांवर जळलो. आता त्या बिनकौतुकाच्या तुकड्यावर जळतो, आणि हे जळणं सगळ्यात वाईट आहे.

तरी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी, दुकानी, तळ्यावर जे काही चालतं, त्याच्या खटक्यापुढे काही टांगू नका. काचेतल्याच्या जागी जाड तार घालू नका. आमच्यावर वेळच आणू नका.

तो पेटीतला गाढव न तुटता म्हातारा होऊ दे. रोज सकाळी तिचं बोट त्याला कळू दे. माझ्या पोटात दुखेल. दुखू दे.