खांबाआडचा गोल

जावईबापूंच्या टेबलावर काचेखाली पाच परिच्छेद ठेवलेले होते. फुटबॉल क्लबवर चिडलेल्या कुठल्याही माणसाला उत्तर द्यायला तेवढे पुरत. पहिला होता, 'आपल्या भावना आम्ही समजतो.' दुसरा, 'संघ कोणत्याही एका खेळाडूपेक्षा मोठा असतो.' तिसऱ्यात निर्णय दूरगामी हिताचा असे, चौथ्यात संयमाची विनंती असे, आणि पाचवा पार्किंगबद्दल होता. तो सहसा लागत नसे. पण पत्र फारच रागाचं असलं तर जावईबापू तोही घालत. वाचणारा जरा गोंधळतो, आणि गोंधळला की निवळतो, असा त्यांचा अनुभव होता.

ऑफिसात त्यांना सगळे 'दिलगीर' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक पत्र 'आम्ही दिलगीर आहोत' असं सुरू होई. पण ही गोष्ट जितकी त्यांची तितकीच त्यांच्या सासऱ्यांची, म्हणून सासऱ्यांनी दिलेलं नावच चालवू.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात भिंग असे, आणि वर्तमानपत्रापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं ते भिंग डोळ्याला लावूनच वाचत. लग्न ठरताना मुलगा 'क्लबात आहे' एवढंच त्यांना सांगितलं गेलं. क्लबात म्हणजे नक्की कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि जावईबापूंनी सांगितलं नाही. आपला जावई मोठ्या लोकांच्या खोलीशेजारी बसतो आणि काहीतरी महत्त्वाचं करतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

घरी या दोघांत फारसं बोलणं होत नसे. मिठाच्या बरणीवरून जेवढं बोलता येतं तेवढंच. "जावईबापू, मीठ." "घ्या, मामा." संपलं. पण शनिवारी मैदानावर मात्र दोघं अखंड बोलत, आणि त्याचं श्रेय एका खांबाला होतं.

जुन्या स्टँडच्या सहाव्या रांगेत, दोघांच्या खुर्च्यांच्या बरोबर पुढे, छप्पर तोलणारा एक जाडजूड लोखंडी खांब होता. मामांच्या खुर्चीवरून डावीकडचा गोल दिसत नसे. जावईबापूंच्या खुर्चीवरून उजवीकडचा दिसत नसे. म्हणून चेंडू डावीकडे गेला की मामा ओरडत, "काय झालं?" आणि उजवीकडे गेला की जावईबापू विचारत, "काय झालं, मामा?" मामांचं वर्णन दणदणीत असे. जावईबापूंचं दोन शब्दांत आटपे. 'अडवला.' 'गेला.' 'बाहेर.' तरी अकरा वर्षं दोघांनी अर्धी-अर्धी मॅच एकमेकांना दिली होती. दोन्ही पास मामांच्या नावावर होते.

त्या वर्षी क्लबनं चिमट्याला देऊन टाकलं.

चिमटा म्हणजे गोलकीपर. चेंडू दोन बोटांत धरावा तसा धरायचा, म्हणून चिमटा. नऊ वर्षं त्यानं गोल सांभाळला. शेजारच्या शहरातल्या क्लबला तो हवा होता. त्यांनी बदल्यात दोन खेळाडू देऊ केले, आणि आपल्या संचालकांनी पत्रकारांना हसून सांगितलं, "एक देऊन दोन घेतले!" त्या दोघांपैकी पहिल्याचा गुडघा आल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टरमध्ये गेला. दुसरा गोलकीपर होता. तीन मॅचमध्ये त्यानं चौदा गोल खाल्ले. मामांनी त्याचं नाव 'दार' ठेवलं.

"चालतं घड्याळ दिलं आणि दोन बंद घड्याळं घेतली," मामा म्हणाले. "वर फोटो काढून घेतला! तुम्ही तिथंच असता ना? तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"नाही, मामा."

"विचारणार कसे! तुम्ही तोंड उघडलंत तर ना. पण अक्षर चांगलं आहे तुमचं. घ्या कागद."

रविवारी सकाळी मामांनी सांगितलं आणि जावईबापूंनी लिहिलं. पत्र जबरदस्त झालं. त्यात संचालकांची तुलना उलटं फिरणाऱ्या काट्याशी होती. जावईबापूंनी ते स्वतः पेटीत टाकलं, आणि मंगळवारी ते त्यांच्याच टेबलावर आलं. त्यांनी त्यावर आवक शिक्का मारला, खाली सही केली आणि बराच वेळ काचेखालच्या परिच्छेदांकडे बघत बसले. मग पहिला, दुसरा आणि तिसरा टाइप केला. सचिवांनी न वाचता शिक्का उमटवला.

"'आपल्या भावना आम्ही समजतो'!" पुढच्या रविवारी मामा भिंगातून वाचून गरजले. "कुठलं गाढव आहे हे? भावना समजल्या असत्या तर असं लिहिलं असतं का? कोण बसवलाय हो तिथं?"

"असेल कुणीतरी," जावईबापू मीठ शोधू लागले.

"दगड आहे, दगड! लिहा दुसरं."

दुसऱ्या पत्राला जावईबापूंनी घाबरून पाचही परिच्छेद लावले. "मी पायी जातो!" मामा किंचाळले. "मला पार्किंगचं काय सांगतो हा?"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. तिला सगळं ठाऊक होतं. ती जावईबापूंना बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं मिळून त्या पोस्टमनला विनाकारण दमवताय. सांगून टाका ना बाबांना."

"काय सांगू? ते गाढव मीच म्हणून?"

"त्यात त्यांना नवल वाटेल असं मला वाटत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

पण तिसरं पत्र सांगताना मामा गरजले नाहीत. ते शांतपणे बोलत होते, आणि त्याचीच जावईबापूंना भीती वाटली. "लिहा. आमच्या रांगेत अकरा खुर्च्या होत्या, आता चार भरतात. रांगेतला तो दाढीवाला शनिवारी बायकोबरोबर बाजारात दिसतो, आणि खुशीत दिसतो. मीही थकलो. या वेळी माणसासारखं उत्तर आलं नाही, तर महिनाअखेर मी दोन्ही पास परत करीन. झालं. घडी घाला."

जावईबापूंनी घडी घातली. पास गेले म्हणजे शनिवार गेले. मग राहणार काय? मीठ.

मंगळवारी पत्र आलं. जावईबापूंनी शिक्का मारला, सही केली, टाइप करायला घेतलं आणि सवयीनं 'आम्ही दिलगीर आहोत' एवढं उमटलं. त्यांनी कागद ओढून फाडला आणि दुसरा घातला. काचेवर फाइल आडवी टाकली, म्हणजे परिच्छेद दिसणार नाहीत. मग त्यांनी लिहिलं.

'चूक झाली. ती का झाली, हे इथं कुणालाच नीट सांगता येत नाही. मी इतकंच सांगू शकतो, की आम्ही काय देऊन बसलो ते मला माहीत आहे. चार वर्षांपूर्वीची ती पेनल्टी आपल्याला आठवत असेल. चिमटा उजवीकडे झेपावला आणि चेंडू डावीकडे आला. हवेत असतानाच त्याला कळलं, की आपण फसलो. हवेत माणसाला वळता येत नाही. तो वळला. दोन बोटं लागली, चेंडू दांड्याला घासून बाहेर गेला. सगळं मैदान नाचत होतं, आणि तो खाली बसून बुटाची सुटलेली नाडी बांधत होता, जणू त्यासाठीच खाली गेला होता. असा माणूस आम्ही देऊन टाकला. आपण पास परत केलेत तर मला रागावता येणार नाही. पण आपण यावं. रिकाम्या खुर्चीला "काय झालं?" असं विचारता येत नाही.'

'खांब' हा शब्द त्यांनी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. सचिवांनी न वाचता शिक्का उमटवला. त्या दिवशी जावईबापूंना आयुष्यात प्रथमच सचिवांच्या आळसाबद्दल प्रेम वाटलं.

रविवारी मामांनी पत्र तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा भिंगाच्या मागे डोळा ओला दिसला, पण तो भिंगामुळे मोठा दिसत असेल, असं जावईबापूंनी ठरवलं.

"हा माणूस!" मामा म्हणाले. "याला म्हणतात माणूस! त्या गाढवाला काढून टाकलेलं दिसतंय. जावईबापू, ती पेनल्टी डावीकडच्या गोलवर होती. खांबाआड. तुम्ही माझ्या शेजारी बसून बघितलीत. आणि मी 'काय झालं' विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"अडवला."

"अडवला! चार वर्षं मी त्या एका शब्दावर काढली. आणि हा बघा, नाडीसकट सांगतो. लिहा चौथं पत्र."

"आता काय लिहायचं?"

"आमंत्रण. येत्या शनिवारी आमच्या शेजारी येऊन बसा म्हणावं. खांबापलीकडचं आम्हाला सांगा. तुम्ही तेवढ्यापुरते मागच्या रांगेत बसा. रिकामी आहे. राग नाही ना?"

"नाही, मामा," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी स्वतःला स्वतःच्या खुर्चीतून उठवणारं पत्र सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

बायको हसून हसून भिंतीला टेकली. "जा आता," ती म्हणाली. "दोन्हीकडे बसा."

शनिवारी मामांनी शेजारच्या खुर्चीवर रुमाल अंथरला होता. जावईबापू मागच्या रांगेत बसले, खिशातल्या कागदावर हात ठेवून. स्टँड अर्धंही भरलं नव्हतं. आलेले लोक भांडण झालेल्या नातेवाइकाकडे यावं तसे आले होते, निम्मे तर फक्त शिव्या द्यायला. मॅच सुरू झाली. मामांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. रुमाल तसाच होता.

"माणूस वेळेचा नाही," मामा पुटपुटले. ते जरा लहान दिसत होते.

इतक्यात चेंडू डावीकडे गेला. तिकडे दार उभा होता. लोक ओरडायला लागले.

"काय झालं?" मामांनी रुमालाला विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

जावईबापू उठले. ते खुर्च्यांमधून पुढे आले, रुमाल उचलला आणि बसले.

"अहो, ती जागा पाहुण्यांची आहे," मामा म्हणाले.

"आलोय मी, मामा." त्यांनी खिशातला कागद पुढे केला. त्यांच्याच अक्षरातलं आमंत्रण. वर क्लबचा आवक शिक्का, शिक्क्याखाली त्यांची सही.

मामांनी भिंग लावलं. आधी शिक्का बघितला, मग सही, मग पुन्हा शिक्का, जसं एखादं घड्याळ का चाललं हेच कळू नये.

"ते नाडीचं पत्र तुमचं?"

"हो, मामा."

"आणि पहिली दोन? पार्किंगचं?"

"ती पण."

"म्हणजे गाढव पण तुम्हीच."

"हो, मामा."

डावीकडे पुन्हा आरडाओरडा झाला. मामांची मान सवयीनं वळली आणि खांबाला अडली. "अरे मग बघत काय बसलास? सांग की, काय चाललंय तिकडे!"

जावईबापू पुढे वाकले. "चेंडू येतोय, मामा. अगदी हळू येतोय, जेवण झाल्यावर फिरायला निघाल्यासारखा. दार वाकलाय. दोन्ही हात पुढे केलेत. त्यानं चिमट्यासारखी दोन बोटं केलीयेत."

"आणि?"

"आणि चेंडू त्याच्या पायांमधून गेला. आता तो मागे वळून बघतोय. बसमध्ये छत्री राहिली आणि बस निघून गेली, असं बघतोय."

मामा इतके हसले की भिंग खुर्चीखाली गेलं. मग दोघांनी मिळून दाराला, संचालकांना आणि प्लास्टरमधल्या गुडघ्याला यथेच्छ शिव्या दिल्या. चार गोल खाल्ले त्या दिवशी. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, त्यामुळे कुणावर अन्याय झाला नाही.

उठताना मामांनी रुमाल झटकून खिशात घातला. "पुढच्या वर्षीच्या पासचा फॉर्म आणून ठेव सोमवारी. क्लबासाठी नाही हं. क्लबाचं आणि माझं संपलं."

"मग, मामा?"

"मग काय! पलीकडचं दिसत नाही मला." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "नाडी खरंच बांधली होती त्यानं?"

"खरंच. डाव्या बुटाची."

"चार वर्षं," मामा म्हणाले. "चार वर्षं बोलला नाहीस, गाढवा." आणि आधारासाठी त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवला.