वीतभर अंतर

दोन हजार तीन साली कौशल्याबाई सुनेच्या बाळंतपणासाठी भंडाऱ्याहून पुण्याजवळ धायरीला आल्या. मुलगा योगेश आयटी कंपनीत होता आणि सर्जेरावांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. सर्जेरावांची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली होती. घरचा भात खायला मिळावा म्हणून कालव्याखालचं चौदा गुंठ्यांचं खाचर तेवढं त्यांनी राखलं होतं.

लावणीच्या दिवशी कौशल्याबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. सर्जेराव आणि त्यांची बायको तुळजाबाई चिखलात मूठमूठ रोपं खोवत होते.

"एका जागी इतकी रोपं काहून लावता जी?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"आमच्यात अशीच लावत्यात," सर्जेराव मान वर न करता म्हणाले. "तुम्ही किती लावता?"

"दोनच. कोवळी. दोरी धरून, वीतभर अंतर सोडून."

"मग मधल्या जागेत काय, क्रिकेट खेळायचं?"

तुळजाबाईंनी कंबर सरळ केली. "अर्धं खाचर द्या की त्यांना. सात गुंठ्यांनी काय राज्य बुडतंय?"

कौशल्याबाईंनी पदर खोचला आणि चिखलात उतरल्या. कितीतरी महिन्यांनी पायाला गारवा लागला होता. संध्याकाळपर्यंत त्यांची बाजू लावून झाली, तीही चौथाई रोपांत. पण ती इतकी विरळ दिसे, की येणारेजाणारे थांबून हसायचे. "आई, आपण इथे भाडेकरू आहोत," योगेश म्हणाला. त्या मात्र रोज सकाळी खाचरावर जाऊन येत. ओळी सरळ असल्याने तण काढणं सोपं होतं, म्हणून तुळजाबाईही हाताखाली येऊ लागल्या.

महिनाभराने रोपं फुटली. सर्जेराव उकिडवे बसून एका बुडख्याचे फुटवे मोजू लागले. एकतीस भरले. मग आपल्या बाजूचा बुडखा मोजला. बारा. त्यांनी आणखी एक मोजून पाहिला आणि घरची वाट धरली.

दिवाळीनंतर दोन्ही बाजू वेगवेगळ्या झोडल्या. सर्जेरावांची चार पोती झाली, कौशल्याबाईंची सहा.

"भंडाऱ्याची माती आणून टाकली होती का गुपचूप?" सर्जेरावांनी विचारलं.

"माती तुमचीच जी," कौशल्याबाई हसल्या.

गिरणीतून तांदूळ होऊन आला, त्या दिवशी सगळे खालीच जेवले. नव्या तांदळाचा वाफाळता भात, वर तूप. सर्जेरावांनी तिसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा तुळजाबाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूचा न्हाई हां हा."

पुढच्या आषाढात कौशल्याबाई गावी स्वतःच्या खाचरात होत्या. शेजारच्या पोराने त्याच्या घरी फोन आल्याचं सांगितलं, तशा त्या चिखलाच्या पायांनीच धावल्या.

"बारा दिवसांची रोपं हायती," पलीकडून सर्जेराव म्हणाले. "बांधावर वाडीतल्या सात बाया उभ्या हायत, शिकायला. दोरी आधी कुठल्या बाजूनं धरायची?"

"कालव्याच्या," कौशल्याबाई म्हणाल्या आणि ओल्या हाताने रिसीव्हर कानाशी घट्ट धरून पुढचं सांगू लागल्या.